खाद्यउद्योगातील नोकरी : खान्देशातील वाचकांचे प्रश्न

खाद्यप्रक्रिया उद्योगातील रोजगाराविषयी या सदरासाठी आलेली पत्रे प्रामुख्याने जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील आहेत, आणि ते स्वाभाविकच आहे. केळी, कांदा, मिरची, डाळी आणि दूध यांवर चालणारे कारखाने, गिरण्या, पॅकहाउस आणि घरगुती उद्योग या भागात ठिकठिकाणी आहेत, तरीही त्यांत शिरण्याची आणि शिरल्यावर वर चढण्याची वाट नेमकी कोणती, हे सांगणारे माणूस मुलांना सहसा भेटत नाही. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न (बारावीची विद्यार्थिनी, रावेर तालुका) : आमची केळीची शेती आहे. मला अन्न तंत्रज्ञान शिकायचे आहे. पण घरचे म्हणतात की ते शिकून शेवटी पुण्या-मुंबईलाच जावे लागेल, त्यापेक्षा इथल्या इथे बी.एस्सी., बी.एड. कर आणि शिक्षिका हो. शिकायचे तर कुठे शिकावे आणि शिकून इकडे काम मिळेल का?

उत्तर : शिक्षणासाठी लांब जावेच लागेल असे नाही. जळगावातच कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत अन्न तंत्रज्ञानाचे बी.टेक. शिक्षण मिळते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून हा विषय शिकवत आहे, आणि तेथून शिकून गेलेली माणसे राज्यभरातल्या कारखान्यांत भेटतात. नोकरी शोधताना ही ओळखदेख फार उपयोगी पडते. राज्याबाहेर जाण्याची तयारी असेल तर हरियाणातील कुंडली आणि तमिळनाडूतील तंजावर येथे अन्न तंत्रज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या निफ्टेम या संस्था आहेत. कोणत्या अभ्यासक्रमाला गणित अनिवार्य आहे आणि कुठे जीवशास्त्र चालते, हे त्या त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेत आत्ताच पाहून घ्या, कारण प्रवेश परीक्षेचा गट त्यावर ठरतो.

महाविद्यालय निवडताना इमारत आणि जाहिरातीतले पगाराचे आकडे पाहू नका. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना गाठा आणि विचारा, की प्रयोगशाळेत फळांचा गर काढणे, तो निर्जंतुक करणे, डब्यात भरून बंद करणे, ही कामे तुम्ही स्वतःच्या हाताने केली का, आणि कारखान्यातील प्रशिक्षणाला तुम्हाला कुठे पाठवले. या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर तो अभ्यासक्रम घेण्याजोगा आहे. नुसत्या पाठांतरावर मिळालेली अन्न तंत्रज्ञानाची पदवी कारखान्याच्या मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत उघडी पडते.

आता नोकरीचे. तुमच्या घरच्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. नवी उत्पादने विकसित करणारे विभाग मोठ्या कंपन्या मुख्यतः मोठ्या शहरांतच ठेवतात, आणि पहिली दोन-चार वर्षे नाशिक, पुणे किंवा गुजरातच्या बाजूला काढावी लागण्याची शक्यता बरीच आहे. मात्र केळीचा व्यवहार तुमच्या अंगणातला आहे आणि त्यात शिकलेल्या माणसांची गरज वाढत चालली आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागाच्या खास मालाची अधिकृत ओळख, मिळाले. पण मानांकनाने माल आपोआप परदेशी जात नाही. घड योग्य पक्वतेला उतरवणे, तो जमिनीला न टेकवता पॅकहाउसपर्यंत आणणे, फण्या सुट्या करून चीक निघेपर्यंत धुणे, डागी फण्या बाजूला काढणे, वजन करून खोक्यात भरणे आणि लगेच पूर्वशीतकरण करणे, म्हणजे साठवणीआधी माल झटपट थंड करणे, या साखळीतली एक कडी निसटली तरी सगळे खोके नापसंत होऊ शकते. केळी १३ अंश सेल्सिअसच्या खाली फार काळ राहिली तर सालीला थंडी बाधते, रंग मळकट होतो आणि फळ नीट पिकत नाही. उलट तापमान वाढले तर वाटेतच पिकायला लागते. पिकवण कक्षातही तसेच. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) परवानगी आहे, आणि तो किती द्यायचा, किती तास द्यायचा, कक्षातील हवा कधी बदलायची, हे कळणारे माणूस लागते. आपल्याकडे ही कामे पुष्कळदा अंदाजाने चालतात, आणि नुकसान झाले की दोष हवेला किंवा व्यापाऱ्याला दिला जातो. हे शास्त्र शिकलेली मुलगी त्याच मातीतली असेल, तर तिचे म्हणणे शेतकरी लवकर ऐकतील असे मला मनापासून वाटते.

परीक्षा संपल्यावर सुट्टीत जळगावचे केळी संशोधन केंद्र पाहून या, आणि तुमच्याच तालुक्यातील पालच्या कृषी विज्ञान केंद्रात फळप्रक्रियेचे प्रशिक्षण कधी आहे ते विचारा. जाताना वडिलांना सोबत न्या. त्यांचा विरोध शिकण्याला नसून अनोळखी वाटेला आहे, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

प्रश्न (बी.एस्सी. रसायनशास्त्र झालेला तरुण, भुसावळ) : जळगाव औद्योगिक वसाहतीतील कांदा निर्जलीकरणाच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत मी गुणवत्ता विभागात लागलो. सहा महिने झाले, मला फक्त रजिस्टर भरायला लावतात. दर तासाला तापमान लिहा, धातूशोधक यंत्राची चाचणी लिहा, सही करा. मित्र म्हणतात की यात काही शिकायला नाही, सोडून दे आणि स्पर्धा परीक्षा दे. अन्न सुरक्षा अधिकारी होता येईल का?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘फक्त रजिस्टर’ हे शब्द मला खटकले, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

कांद्याचे निर्जलीकरण म्हणजे थोडक्यात काय, तर ज्या मालात दहापैकी आठाहून जास्त भाग पाणी आहे, तो धुऊन, सोलून, कापून गरम हवेत इतका सुकवायचा की त्यात पाच टक्क्यांच्या आसपासच ओलावा राहावा. ओलावा जास्त राहिला तर माल गोदामात गोळा होतो आणि काळवंडतो. तापमान जास्त झाले तर करपट वास येतो आणि रंग जातो. सुकवणीत तापमान लिहिणाऱ्या माणसासमोर हे सगळे घडत असते. तुम्ही आकडा लिहून पुढे जाता, की कोणत्या पट्ट्यावर आकडा वाढला आणि तासाभराने प्रयोगशाळेत त्याच मालाचा ओलावा किती निघाला, हे जोडून पाहता? दुसरे करत असाल तर सहा महिन्यांत तुम्हाला त्या सुकवणीची जितकी माहिती झाली असेल, तितकी नव्याने आलेल्या अभियंत्यालाही नसेल.

धातूशोधकाचे काम त्याहून महत्त्वाचे आहे. ठरलेल्या वेळी लोह, बिगरलोह धातू आणि स्टेनलेस स्टीलचे छोटे नमुने मालासोबत यंत्रातून पाठवायचे, आणि तिन्ही वेळा यंत्र थांबते किंवा माल बाहेर फेकते याची खात्री करायची. समजा अकरा वाजताच्या चाचणीत यंत्राने स्टीलचा नमुना पकडला नाही. मग दहाच्या यशस्वी चाचणीपासून अकरापर्यंत निघालेली प्रत्येक पिशवी अडवून ठेवावी लागते आणि यंत्र दुरुस्त झाल्यावर पुन्हा तपासावी लागते. दहाची नोंद खरी असेल तर तासाभराचा माल अडतो. ती नोंद मागाहून, न पाहता भरलेली असेल, तर कुठपर्यंत मागे जायचे हेच कोणाला सांगता येत नाही, आणि मग सबंध पाळीचा माल संशयात सापडतो. अन्न सुरक्षेच्या पद्धतीत अशा ठिकाणांना निर्णायक नियंत्रण बिंदू म्हणतात, आणि आयएसओ २२००० हे अन्न सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक, जे २००५ मध्ये आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले, त्याचा बराचसा भाग याच शिस्तीवर उभा आहे. बाहेरून आलेले लेखापरीक्षक रजिस्टर उघडतात तेव्हा आकड्यांइतकेच अक्षरही पाहतात. आठ तासांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच ओघात, खाडाखोड न होता भरलेल्या दिसल्या की त्यांचे प्रश्न सुरू होतात.

म्हणून नोकरी सोडू नका. निदान कांद्याचा हा हंगाम पूर्ण करा. मात्र त्या काळात स्वतःहून तीन गोष्टी मागून घ्या : प्रयोगशाळेतील ओलावा व सूक्ष्मजीव चाचण्या शिकण्याची संधी, एखाद्या पिशवीवरच्या बॅच क्रमांकावरून मागे जात कांदा कोणत्या गाडीतून आला इथपर्यंत पोहोचण्याचा सराव, आणि पुढच्या लेखापरीक्षणात वरिष्ठांसोबत उभे राहण्याची परवानगी. विनंती लेखी करा. नाही म्हणाले, तर तेव्हा दुसरी नोकरी शोधावी, आणि मुलाखतीत ‘मी रजिस्टर भरत होतो’ असे न सांगता वर लिहिले तसे सांगावे.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाबाबत नीट लक्ष द्या, कारण इथे अनेक मुलांची वर्षे वाया जातात. नियमांनुसार अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, तेल तंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र यांतील पदवी चालते. रसायनशास्त्रासाठी मात्र पदव्युत्तर पदवी मागितली आहे. म्हणजे केवळ बी.एस्सी. रसायनशास्त्रावर तुम्ही या पदाला पात्र ठरत नाही. त्यासाठी एम.एस्सी. करावे लागेल. ते झाले आणि अन्नपृथक्करणाचा तीन वर्षांचा अनुभव जमला, तर अन्न विश्लेषकाच्या परीक्षेचीही वाट खुली होते. प्रयोगशाळेत काम मागून घ्या असे म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

ठेकेदाराचे राहिले. तुमचा भविष्यनिर्वाह निधीचा कायम क्रमांक (यूएएन) मागा आणि दरमहा पासबुकात रक्कम जमा होते का ते मोबाइलवर पाहा. पगारपत्रक, कर्मचारी राज्य विमा योजनेचे कार्ड आणि कामाचे स्वरूप लिहिलेले अनुभवपत्र, ही कागदपत्रे नोकरी चालू असतानाच गोळा करावीत. ठेकेदार बदलल्यावर जुन्या माणसाकडून कागद मिळवणे फार अवघड जाते.

प्रश्न (महिला बचत गटाच्या सचिव, अमळनेर तालुका) : भाऊ, आमचा बारा जणींचा गट आहे. उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया करतो. उन्हाळ्यात ओळखीपाळखीत माल संपतो. आता पुण्यातील एका दुकानदाराने वर्षभर माल मागितला आहे. त्याने लेबल, परवाना आणि ‘एक्सपायरी’ विचारली. अनुदानाची योजनाही ऐकली आहे. यातून सगळ्या जणींना वर्षभर मजुरी सुटेल का?

उत्तर : ताई, सुटू शकेल, पण दुकानदाराला होकार देण्याआधी एक हंगाम तयारीला द्या. उन्हाळ्यात घरासाठी केलेला माल आणि भर पावसाळ्यात पुण्याच्या दुकानात मांडलेला माल यांच्यात मोठा फरक असतो.

बिबड्यांचेच घ्या. ज्वारी भिजवली, भरडली, घाटा शिजवला, त्यात तीळ, लसूण, मिरची घातली आणि ओल्या कापडावर थापून खाटेवर वाळवले. वरून कडकडीत वाळलेले बिबडे मधल्या जाड भागात किंचित ओले राहू शकते, आणि घरात ते कधी लक्षातही येत नाही, कारण डबा रोज उघडला जातो. तेच बिबडे प्लास्टिकच्या पिशवीत पक्के बंद केले की आतला ओलावा बाहेर पडायला जागा राहत नाही आणि काही आठवड्यांत कडेला बुरशीचा ठिपका दिसतो. यावर उपाय दोन : जाडी सारखी राहावी म्हणून घाटा मोजून घालावा आणि साच्यात थापावा, आणि वाळल्यावर लगेच पिशवीबंद न करता मोठ्या झाकणाच्या डब्यात एक-दोन दिवस ठेवून, मधोमध मोडून पाहून मगच भरावे. मधला तुकडा वाकला तर तो सगळा घाणा पुन्हा उन्हाला न्यायचा. पापडाचे याच्या उलट असते. तो फार सुकला तर प्रवासात तुकडे होतात. म्हणून पापड सावलीत सुकवून, थोडा नरमपणा ठेवून भरावा लागतो, आणि तो नेमका किती, हे तुमच्या गटातल्या एखाद्या जाणत्या आजींच्या हाताला ठाऊक असेल. त्यांचे ज्ञान वजनात आणि तासांत लिहून काढा. एक किलो पिठाला पापडखार किती, मीठ किती, मिरे किती, हे वहीत आले की बारा जणींचा माल एकसारखा निघेल. दुकानदाराला तेच हवे असते.

टिकण्याची मुदत अंदाजाने छापू नका. आज भरलेल्या पिशव्यांपैकी काही पिशव्या तारीख टाकून बाजूला ठेवा, दर महिन्याला एक उघडा, तळा, चव आणि वास लिहा, आणि शेवटी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकदा तपासणी करून घ्या. माल चांगला राहिला त्या काळापेक्षा थोडी कमी मुदत छापावी.

कायद्याचे पाहू. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली लहान उद्योगाला नोंदणी आणि मोठ्याला परवाना घ्यावा लागतो; अर्ज अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर होतो आणि मिळणारा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक उतरत्या प्रमाणात, पोषणमूल्ये, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, निव्वळ वजन, किंमत, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख, पत्ता आणि तक्रारीसाठी दूरध्वनी हवा. कुरडई गव्हाची असल्यामुळे त्यात गहू आहे हे ॲलर्जीच्या सूचनेत वेगळे लिहा. पाकीटबंद माल विकणाऱ्याने वैधमापन शास्त्र विभागाकडेही नोंदणी करायची असते. बचत गट हे बहुधा विसरतात आणि पुढे दंड भरतात.

अनुदानाची योजना म्हणजे २०२० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना. तिच्यात पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, असे कर्जाशी जोडलेले अनुदान आहे, किमान १० टक्के रक्कम आपली घालावी लागते, आणि बचत गटाच्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. अर्ज करण्यापूर्वी योजनेची चालू मुदत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. प्रकल्प अहवाल तयार करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते आणि तिचे मानधन सरकार देते. अहवालासाठी कोणी तुमच्याकडे पैसे मागितले तर देऊ नका. आणखी एक, अनुदान हातात रोख मिळत नाही. ते कर्जखात्याशी जोडून ठेवले जाते आणि हप्ते नियमित भरले तर तीन वर्षांनी कर्जात वळते होते. तोवर हप्ता पूर्ण कर्जावर येणार हे धरूनच यंत्र घ्यायचे की नाही ते ठरवा. माझ्या मते पहिल्या वर्षी पापड लाटायचे मोठे यंत्र घेऊच नये. पिठाची चक्की, वजनकाटा, पाकीट बंद करायचे यंत्र आणि पावसाळ्यासाठी लहान सुकवणी, एवढ्यावर भागते.

मजुरीचा हिशेब मात्र आधीच मांडा. समजा शंभर पापडांतले आठ तुटले, तर त्या आठांचे पीठ, तेल आणि मजुरी उरलेल्या ब्याण्णवांच्या किमतीत यायला हवी. दुकानदाराचा नफा, वाहतूक, परत आलेला माल आणि पैसे उशिरा मिळणे, हेही त्यातच. प्रत्येकीची मजुरी खर्चात धरूनच भाव ठरवावा. उरले तर देऊ असे म्हणून सुरू केलेल्या गटात दुसऱ्या वर्षी बायका येईनाशा होतात. या हिशेबात दुकानदाराचा भाव बसत नसेल तर त्याला नम्रपणे नाही म्हणा आणि जळगाव, धुळे, नाशिक इथली दुकाने धरा.

प्रश्न (ढाब्यावर काम करणारा १९ वर्षांचा तरुण, धुळे) : दहावी झालो आहे. महामार्गावरच्या ढाब्यावर तीन वर्षे आहे. शेवभाजी, वरण-बट्टी, भरीत सगळे येते. मोठ्या हॉटेलात जायचे आहे, पण प्रमाणपत्र नाही.

उत्तर : शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, ‘फूड प्रॉडक्शन’ हा एक वर्षाचा व्यवसाय दहावीनंतर करता येतो. बेकरीचाही स्वतंत्र व्यवसाय आहे. तो तुमच्या जवळच्या संस्थेत आहे का ते पाहा. वर्षभर काम सोडणे परवडत नसेल तर कौशल्य विकास केंद्रात पूर्वानुभवाच्या मान्यतेविषयी विचारा. त्यात आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे फॉस्टॅक प्रशिक्षणही घ्या. दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा असल्याने हॉटेलांना अशी माणसे लागतात.

प्रमाणपत्राइतकेच एक काम आजपासून सुरू करा. शेवभाजीच्या रश्श्याचा काळा मसाला, कांदा, खोबरे आणि तेल एकदा वजन करून लिहा, दहा माणसांसाठी आणि शंभर माणसांसाठी. शंभरासाठी सगळेच दहापट चालत नाही. तिखट आणि मीठ तर हमखास जास्त होते. मोठ्या स्वयंपाकघरात चवीसोबत हेही पाहतात. खान्देशी जेवणाला नाशिक, पुणे, सुरत इथे मागणी आहे, तेव्हा आपल्या हाताची ही भाजी साधी समजू नका. तळणीच्या तेलाकडेही लक्ष असू द्या. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात जे ध्रुवीय घटक, म्हणजे तेल खराब झाल्याचे दाखवणारे पदार्थ, साठतात, त्यांची मर्यादा २५ टक्के ठरलेली आहे, आणि मोठी हॉटेले ती मोजतात.

प्रश्न (मुलीची आई, नंदुरबार) : मुलीला मिरची पावडरच्या कारखान्यात पॅकिंगला काम मिळते आहे. खोकला, डोळे आणि रात्रपाळी यांची भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. होकार देण्यापूर्वी कारखाना चालू असताना एकदा आत जाऊन पाहा. दळण आणि पॅकिंग एकाच खोलीत असेल आणि धूळ ओढणारी यंत्रणा नसेल तर ते काम घेऊ नये. रुमाल बांधून मिरचीची बारीक भुकटी अडत नाही. घट्ट बसणारा धूळरोधक मास्क, डोळ्यांना बंद चष्मा आणि हातमोजे मालकाने द्यायचे असतात. दमा किंवा त्वचेचा जुना त्रास असेल तर हे काम टाळावेच. रात्रपाळी मुलीच्या लेखी संमतीशिवाय नको, आणि येण्याजाण्याची गाडी, दिवे, स्वच्छतागृह आणि सोबतीला आणखी स्त्रिया आहेत का, ते विचारून घ्या. जागा चांगली असेल तर मुलीला सहा महिन्यांनी प्रतवारीचे आणि ओलावा मोजण्याचे काम मागू द्या. पथारीवरून, म्हणजे वाळवणाच्या मैदानावरून, आलेली मिरची साधारण ११ टक्के ओलाव्याच्या आत आहे की नाही, हे पाहणाऱ्या माणसाला त्या धंद्यात मान असतो आणि ते काम धुळीपासून दूरही असते.

प्रश्न (डाळमिल कामगार, वय ४२, जळगाव) : वीस वर्षे डाळ निवडण्याच्या आणि माल उतरवण्याच्या कामावर आहे. मालकाने सॉर्टेक्स यंत्र आणले आणि निवडणाऱ्या बायका व आम्हा काही जणांचे काम गेले किंवा अर्धे झाले. सातवी शिकलो आहे. या वयात आता काय करावे?

उत्तर : दादा, निवडण्याचे काम परत येण्याची आशा धरू नका. प्रत्येक दाण्यावर प्रकाश टाकून रंगातला फरक कॅमेऱ्याने टिपायचा आणि खराब दाणा हवेच्या झोताने बाहेर उडवायचा, हे काम ते यंत्र माणसाच्या अनेकपट वेगाने करते. पण ते यंत्र लावून देणारा माणूस गिरणीत लागतोच. तूर भिजवणीत कमी-जास्त झाली, दाणा टरफलासकट राहिला किंवा फुटला, तर यंत्राची संवेदनशीलता बदलावी लागते. ती जास्त ठेवली तर चांगली डाळही कचऱ्यात जाते आणि कमी ठेवली तर डागी दाणा पोत्यात येतो. कचऱ्याच्या नळीखाली ओंजळ धरून त्यात चांगली डाळ किती आली हे एका नजरेत ओळखणे, हे वीस वर्षे डाळ निवडलेल्या माणसाला जमते. आयटीआय झालेल्या नव्या मुलाला ते शिकायला काही हंगाम लागतात.

म्हणून मालकाला स्वतःहून विचारा, की यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा माणूस देखभालीला येईल तेव्हा मला त्याच्यासोबत उभे राहू द्या. काच पुसणे, हवेचा दाब पाहणे, झोताच्या नळ्या तुंबल्या का ते तपासणे, या कामांना सातवीचे शिक्षण पुरते. पडद्यावरचे शब्द मुलामुलींकडून वाचून घेऊन वहीत मराठीत लिहून ठेवा. दुसरी वाट खरेदीची आहे. बाजार समितीत तूर, हरभरा, उडीद पाहून ओलावा, किडका दाणा आणि माती किती निघेल हे सांगणारे माणूस गिरणीवाल्यांना आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना हवे असते. आता ओलावामापक यंत्रही हाताशी असते. आपला अंदाज आणि यंत्राचा आकडा रोज ताडून पाहिलात तर तुमच्या शब्दाला वजन येईल.

काम अर्धे झाले म्हणून राजीनामा लिहून देऊ नका. कोणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर करू नका. वीस वर्षांच्या नोकरीवर उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क असतो, आणि तुमच्यासोबत काम गेलेल्या बायकांपैकी ज्यांची सलग पाच वर्षे भरली आहेत त्यांचाही असू शकतो. हजेरीपत्रक, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, जे काही असेल ते घेऊन सगळ्यांनी मिळून जळगावच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. पावत्या नसतील तर बँकेच्या पासबुकातील पगाराच्या नोंदींची छायांकित प्रत न्या आणि दिलेल्या अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.